डिस्चार्ज बुकातून बायोडाटा: साताऱ्यात पेन्शन आलेल्या फौजींसाठी

शिरवळच्या एका कारखान्यात माणसं घेण्याचं काम मी करतो. कोरेगाव, खटाव, माण, पाटणपासून खाली आटपाडी-जतपर्यंतच्या माजी सैनिकांचे बायोडाटा टेबलावर येत असतात. बहुतेक सगळे एकाच साच्यातले, झेरॉक्सच्या दुकानात टाइप करून घेतलेले. वर ठळक अक्षरात ‘माजी सैनिक’, खाली वडिलांचं नाव, जन्मतारीख, उंची, जात, ‘शिक्षण : १० वी पास’, मग ‘भारतीय सेनेत १७ वर्षे सेवा’ अशी एक ओळ, आणि शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’. सतरा वर्षांना एक ओळ! त्या कागदावरून मला एवढंच कळतं की माणूस फौजेत होता. मग तो कागद सिक्युरिटीच्या गठ्ठ्यात जातो. कुणाच्या मनात वाईट नसतं, कागदात दुसरं काही सापडतच नाही.

गेटवरचं काम हलकं आहे असं मी म्हणणार नाही. पण ज्यानं चार वर्षं अख्ख्या कंपनीचं रेशन, कपडालत्ता आणि लेजर सांभाळलं, तो गेटवर गाड्यांचे नंबर लिहीत बसतो आणि आत आमच्या स्टोअरला धड माणूस मिळत नाही, हे दोघांचंही नुकसान आहे. त्याच्या बायोडाटात ते लेजर कुठं लिहिलेलंच नव्हतं. ते कसं लिहायचं, एवढ्यासाठीच हा लेख.

वाचणारा कोण, ते आधी ध्यानात घ्या

मिलिटरी अपशिंग्यात ‘मराठा रेजिमेंटला होतो’ एवढं सांगितलं की पुढचं कुणी विचारत नाही. तिथं घरोघरी कुणी ना कुणी पलटणीत जाऊन आलेलं असतं. कारखान्यात तुमचा कागद पहिल्यांदा उघडणारी मुलगी किंवा मुलगा मात्र पंचविशी-तिशीतला, एमबीए झालेला आणि घरात फौजी कधीच न पाहिलेला असतो. सीएचएम (कंपनी हवालदार मेजर), सीक्यूएमएच (कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार), एसकेटी (स्टोअरकीपर टेक्निकल), कोत एनसीओ (कोत म्हणजे शस्त्रं ठेवायची खोली, ती सांभाळणारा) या अक्षरांतून त्याला काहीच समजत नाही. नायब सुभेदार मोठा की हवालदार, हेही माहीत नसतं. ‘हवालदार’ वाचलं की त्याच्या डोळ्यापुढं पोलीस ठाणं येतं. एका जागेसाठी आलेल्या ढिगातून तुमच्या वाट्याला त्याचं फार तर मिनिटभर येतं.

आणखी एक. आपल्याकडं गावात रिटायर झालेल्या प्रत्येक फौजीला ‘मेजर’ म्हणतात. प्रेमानं म्हणतात, म्हणू द्या. पण बायोडाटावर नावापुढं ‘मेजर’ लावू नका. तसे कागद येतात म्हणून सांगतोय. मेजर हा कमिशन्ड ऑफिसरचा हुद्दा. नाईक पदावरून आलेल्या माणसानं तो लावला, की बाकीचं खरं लिहिलेलंही संशयात जातं.

पायरी १ : घरी यायच्या आधी कागद हातात घ्या

बायोडाटा लिहायला बसायची खरी वेळ रिटायर व्हायच्या आधीचं शेवटचं वर्ष. एकदा युनिट सोडलं की एखादं कोर्स सर्टिफिकेट मिळवायला रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार आला. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, एवढी तरी जवळ आहेत. ईएमईचं (गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणारी शाखा) सिकंदराबादला, सिग्नल्सचं जबलपूरला आणि मेडिकल कोअरचं लखनऊला. तिथून कागद येईपर्यंत नोकरीची जागा भरून जाते.

गोळा करायचं ते असं: डिस्चार्ज बुक (सेवेच्या नोंदींची पुस्तिका), केलेल्या सगळ्या कोर्सची प्रमाणपत्रं (ग्रेडिंगसह), ट्रेडचा वर्ग कोणता त्याची नोंद, प्रशस्तिपत्रकं, शिक्षणाचे कागद. डिस्चार्ज बुकात चारित्र्याचा शेरा असतो. ‘एक्झेम्प्लरी’ किंवा ‘व्हेरी गुड’ असेल तर तो बायोडाटात एका ओळीत घ्यायचाच. तो तुमच्या नकळत तुमच्या वरिष्ठांनी दिलेला दाखला आहे आणि फुकट मिळालेला आहे.

ड्रायव्हर असाल तर लष्करी परवान्यावरून नागरी परवाना करून घ्यायचं काम आधी उरका. बायोडाटात ‘अवजड वाहन परवाना’ असं लिहिलं की समोरचा पहिल्यांदा तोच बघायला मागतो.

डायरेक्टरेट जनरल रिसेटलमेंटचे, म्हणजे डीजीआरचे कोर्स रिटायर होण्यापूर्वी करता येतात. कोणता तरी करायचा म्हणून करू नका. घरी आल्यावर ज्या कामाला अर्ज टाकणार, त्याच्या जवळचा घ्या. पाच एकर द्राक्षबाग सांभाळायला तासगावला जाणाऱ्यानं सिक्युरिटीचा कोर्स का करावा, हे मला कधीच कळलेलं नाही.

घरी आल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवा. माजी सैनिकाचं ओळखपत्रही तिथूनच होतं. राज्याच्या रोजगाराच्या महास्वयंम पोर्टलवरची नोंदणी वेगळी, तीही करा.

पायरी २ : वही घ्या आणि पोस्टिंगवार लिहून काढा

लगेच टाइप करायला जाऊ नका. साधी शंभर पानी वही घ्या आणि पहिल्या पोस्टिंगपासून शेवटच्यापर्यंत प्रत्येकाला एक पान द्या. त्या पानावर या प्रश्नांची उत्तरं लिहा: माझ्या ताब्यात काय होतं? हाताखाली किती जण होते? माझ्या सहीनं कोणतं रजिस्टर चालायचं? तपासणीला कोण यायचं, आणि तपासणीत काय निघायचं? काय बिघडलं की माझं नाव पुकारलं जायचं?

शेवटच्या प्रश्नावर थोडं थांबा. ‘जनरेटर बंद पडला की मला बोलवायचे’, ‘लंगरचा (स्वयंपाकघराचा) हिशेब जुळला नाही की माझ्याकडं यायचे’, ‘नवीन पोरं आली की माझ्या सेक्शनला द्यायचे’ अशी उत्तरं निघतात. फौजेत जीडी, म्हणजे जनरल ड्यूटी, म्हणून गेलेला माणूस कधी स्टोअरचा, कधी शिकवणारा, तर कधी गाड्यांचा होऊन गेलेला असतो. कागदोपत्री त्याचं नाव जीडीच राहतं. ते दुसरं नाव या वहीत सापडतं.

इथं आकडे लिहा, पण आठवत असतील तेच. ‘सुमारे’ लावायला हरकत नाही. ओढूनताणून टक्केवारी काढू नका. ‘कार्यक्षमता ४० टक्क्यांनी वाढवली’ असं फौजीच्या बायोडाटात वाचलं की ते नेटवरून उचललंय हे लगेच दिसतं.

पायरी ३ : कोणत्या दारात जायचं ते ठरवा

सगळीकडं चालेल असा एकच बायोडाटा करू नका. तो कुठंच चालत नाही.

आपल्या सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत काम कुठं आहे ते बघा. शिरवळ, खंडाळा, लोणंद, फलटण आणि साताऱ्याच्या एमआयडीसीत स्टोअर, डिस्पॅच, मेंटेनन्स, ॲडमिन, वाहतूक. सांगलीकडं कुपवड, मिरज, इस्लामपूर, पलूस. साखर कारखाने दोन्ही जिल्ह्यांत भरपूर, शेंद्र्यापासून रेठऱ्यापर्यंत आणि पुढं साखराळ्यापर्यंत. तिथं हंगामात केन यार्ड (उसाच्या गाड्यांचा तळ), वजनकाटा आणि वाहतुकीवर शिस्तीचा माणूस लागतो. चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांची देखभाल असते. वाऱ्यापावसात उंचावर काम करायची सवय असलेल्यांनी तिकडं चौकशी करावी. मिरज तर दवाखान्यांचं गाव. शाळा-कॉलेजांच्या वसतिगृहांना रेक्टर लागतात, त्याकडं फारसं कुणाचं लक्षच जात नाही.

यातली दोन, फार तर तीन दारं निवडा आणि प्रत्येकासाठी वेगळा कागद करा. वही तीच, फक्त वर काय येतं आणि खाली काय जातं ते बदलायचं.

सिक्युरिटीतच जायचं असेल तर जरूर जा, पण गार्डसाठी नाही, सुपरवायझरसाठी अर्ज करा. खासगी सुरक्षा संस्थांच्या २००५ च्या कायद्यातच म्हटलंय की पहारेकऱ्यांवर सुपरवायझर नेमताना सैन्यदल, पोलीस वगैरे ठिकाणी किमान ३ वर्षं सेवा झालेल्यांना प्राधान्य द्यावं. तुमची तर पंधरा-वीस झालेली असतात.

पायरी ४ : हुद्द्याखालचं काम वर आणा

हीच पायरी मोठी आहे. पायदळातून आलेल्यांना ती सगळ्यात अवघड जाते आणि आपल्याकडं तेच जास्त. मेकॅनिकला ‘मी मेकॅनिक’ म्हणता येतं. रायफल कंपनीतला हवालदार म्हणतो, ‘आमचं काय साहेब, ड्यूटी केली.’

त्या ‘ड्यूटी’चे तुकडे करायचे. उदाहरणं देतो. इथं मराठीत देतोय. एमआयडीसीतल्या कंपन्यांना बायोडाटा इंग्रजीतच द्या, साखर कारखाना, पतसंस्था, शिक्षणसंस्था यांना मराठी अर्ज चांगला वाटतो.

‘कंपनी हवालदार मेजर म्हणून काम केले’ हे वाक्य बाहेरच्याला मुकं आहे. त्याऐवजी: ‘सुमारे १२० जणांच्या कंपनीची रोजची हजेरी, ड्यूटी रोस्टर, रजा आणि शिस्त सांभाळली. २४ तासांच्या पाळ्या लावल्या, ऐनवेळी माणूस कमी पडल्यास पर्यायी व्यवस्था केली.’ हे वाचल्यावर प्रॉडक्शन मॅनेजर मान वर करतो. सोमवारी सकाळी कॉन्ट्रॅक्टचे निम्मे कामगार आलेच नाहीत तर काय करायचं, ही त्याची रोजची डोकेदुखी असते.

कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार होता? ‘१२० जणांचं रेशन, कपडे, बिछाना आणि इतर साहित्याची मागणी, आवक, वाटप व लेजर नोंद. वार्षिक तपासणीत साठा आणि नोंद यांचा मेळ.’ शेवटचा तुकडा खरा असेल तरच लिहा. खरा असेल तर तोच सगळ्यात आधी लिहा. आमच्याकडं स्टोअरचा सगळा झगडा त्याच मेळासाठी चालतो.

कोत सांभाळली असेल तर कोत हा शब्द आणि आत काय होतं ते दोन्ही गाळा: ‘नियंत्रित साहित्याच्या भांडाराचा ताबा. प्रत्येक नग सही घेऊन देणे-घेणे, रोजची मोजणी, एकही नग गहाळ नाही.’ महागडी टूल्स आणि गेजेस सांभाळणाऱ्या टूल रूमला असाच माणूस हवा असतो.

युनिटच्या कँटीनवर होता ते लोक लाजून लिहीतच नाहीत. का, कोण जाणे. ती सरळसरळ रिटेलमधली नोकरी आहे: माल मागवणं, मुदत संपत आलेला माल पुढं काढणं, बिलिंग, रोजचा गल्ला जुळवणं.

रेजिमेंटल सेंटरला इन्स्ट्रक्टर होता? ‘दर तुकडीत इतके नवे भरती झालेले जवान, इतक्या आठवड्यांचा अभ्यासक्रम, रोजचे वर्ग आणि चाचण्या घेतल्या.’ प्रत्येक कारखान्यात नव्या कामगारांना पहिल्या आठवड्यात शिकवावं लागतं आणि ते काम कुणालाच आवडत नाही.

ट्रेडवाल्यांचं लवकर आटोपतं. ड्रायव्हरनं वाहनाचा प्रकार, रस्ते (घाट, बर्फ, वाळू), अपघाताशिवाय किती वर्षं, लॉगबुक आणि इंधनाचा हिशेब लिहावा. क्लार्कनं टायपिंगचा वेग आणि कोणती नोंद संगणकावर केली ते. सिग्नल्सच्या लाइनमननं फायबर जोडणी, टेलिफोन एक्स्चेंज. सॅपरनं (इंजिनिअर पलटणीतल्या जवानानं) प्लंबिंग, सुतारकाम, चालवलेली मशीन. शेफनं रोज किती जणांचं जेवण, भांडारातला हिशेब आणि स्वच्छतेची तपासणी. ईएमईवाल्यानं ‘ब्रेकडाउन’ आणि ‘प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स’ हे दोन शब्द वापरले की पुढचं आम्हाला समजतं.

जिथं बाहेर परवाना किंवा नोंदणी लागते तिथं मात्र जपून. नर्सिंग असिस्टंटनं मिरजेच्या दवाखान्यात अर्ज करताना ‘जीएनएम’ किंवा ‘नर्स’ लिहू नये. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असेल तरच तो शब्द. नसेल तर ‘वॉर्ड, ओटी किंवा ॲम्ब्युलन्समधील रुग्णसेवेचा अनुभव’ लिहा, ते पुरेसं वजनदार आहे. इलेक्ट्रिशियनला वायरमनचा परवाना, बॉयलरवर जाणाऱ्याला बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र लागतं. सेफ्टी ऑफिसर या पदालाही ठरवून दिलेली पात्रता आहे, नुसत्या अनुभवावर ते मिळत नाही. ‘फायर आणि सेफ्टी सुपरवायझर’ साठी अर्ज करा, तिथं फायर पिकेटचा (युनिटच्या आग विझवणाऱ्या पथकाचा) अनुभव चालतो.

आता खोडायचे शब्द: ‘लीडरशिप’, ‘टीमवर्क’, ‘डिसिप्लिन’, ‘हार्ड वर्किंग’, ‘पंक्चुअल’. फौजीनं शिस्त आहे म्हणून लिहिणं म्हणजे पैलवानानं ताकद आहे म्हणून पाटी लावण्यासारखं. १२० जणांचं रोस्टर लिहिलंत, त्यात हे सगळं आलं.

एक गोष्ट मात्र आवर्जून लिहा, भाषा. हिंदी अस्खलित हे तर हवंच. पंजाबी, बंगाली, आसामी, डोगरी, जी थोडीफार येते तीही लिहा. शिरवळ-खंडाळ्याच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली पोरं लाइनवर असतात आणि त्यांच्याशी धड बोलणारा सुपरवायझर मिळत नाही. वीस वर्षं देशभर फिरलेल्या माणसाला ते सहज जमतं.

एक नमुना

समजा २४ वर्षं सेवा करून आलेला पायदळातला हवालदार खंडाळ्याच्या एका कंपनीत स्टोअर सुपरवायझरच्या जागेला अर्ज करतोय. त्याच्या कागदाचा वरचा भाग असा:

‘स्टोअर आणि मनुष्यबळ सांभाळण्याचा अनुभव असलेला सुपरवायझर. भारतीय सेनेत २४ वर्षे, त्यातील शेवटची ६ वर्षे साहित्य भांडार व वितरणाची जबाबदारी. एमएस-सीआयटी, एक्सेलवर साठा नोंदीचे काम येते. राहणार कोरेगाव, तिन्ही पाळ्यांसाठी तयार.’

त्याखाली अनुभव, अलीकडचा आधी:

‘भांडार प्रमुख, कंपनी स्तर (३ वर्षे) : सुमारे १२० जणांसाठी साहित्याची मागणी, आवक तपासणी, वाटप, लेजर. हाताखाली ४ जण. दर तिमाही मोजणी, वार्षिक तपासणीत फरक नाही.’

‘नियंत्रित साहित्य भांडार (३ वर्षे) : रोजची मोजणी, सही घेऊन देवाणघेवाण.’

‘प्रशिक्षक (२ वर्षे) : नव्या जवानांचे वर्ग व चाचण्या.’

‘गट प्रमुख (८ वर्षे) : १० जणांच्या तुकडीचे दैनंदिन काम, उपकरणांची देखभाल. डोंगरी आणि दुर्गम भागांत सेवा.’

सुरुवातीची ८ वर्षं एकाच ओळीत: ‘जवान, विविध ठिकाणी सेवा.’ वीस वर्षांपूर्वी काय केलं यात कुणाला रस नसतो. हुद्दा एकदाच, शेवटी: ‘निवृत्तीच्या वेळचे पद : हवालदार (कनिष्ठ पर्यवेक्षक दर्जा).’ कंसातले शब्द अधिकृत नाहीत, वाचणाऱ्याला अंदाज यावा म्हणून आहेत.

एमएस-सीआयटी अजून केली नसेल तर करून टाका. काम करणाऱ्या माणसाला अवघड नाही, आणि महाराष्ट्रात सरकारी असो की खासगी, तिची मागणी होतेच. एक्सेल मात्र त्यापुढं जाऊन शिका, घरातल्या पोरांकडून शिकलात तरी चालेल.

पायरी ५ : काय लिहायचं नाही

दोन प्रकारची माहिती गाळायची.

पहिली देशाची. ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट १९२३ रिटायर झाल्यावरही लागू असतो. तैनातीची नेमकी ठिकाणं, चौक्यांची नावं, युनिट कुठून कुठं हललं, शस्त्रं आणि उपकरणांचे प्रकार व संख्या, रेडिओ संचांची नावं, यातलं काही नको. ‘उत्तर सीमेवर उंचावरील भागात सेवा’ एवढं पुरे. युनिफॉर्ममधला, मागं बंकर दिसणारा फोटो जोडू नका. साधा फिकट शर्ट, साधी पार्श्वभूमी. शौर्यपदक किंवा सेना मेडल असेल तर एक ओळ, अभिमानानं. ऑपरेशनची यादी नको.

दुसरी तुमची स्वतःची. आधार, पॅन, पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) नंबर, बँक खातं, आर्मी नंबर खासगी कंपनीच्या बायोडाटात कशासाठी? हे कागद कुठल्या कुठं फिरतात आणि पेन्शनरांना फसवणारे फोन असेच सुरू होतात. पेन्शनचा आकडा तर मुळीच लिहू नका. मेडिकल कॅटेगरी, उंची, छाती, जात, वडिलांचं नाव यांचाही उपयोग नाही. सरकारी अर्जात जे मागतील ते भरायचं, तो प्रकार वेगळा.

शिक्षणाची ओळ

इथं बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. मॅट्रिक पास आणि किमान १५ वर्षं सेवा झालेल्या माजी सैनिकाला केंद्र सरकारच्या गट क मधल्या पदवी मागणाऱ्या पदांसाठी पदवीधर समजतात, जिथं तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता लागत नाही अशा पदांपुरतं. तसं प्रमाणपत्रही मिळतं. पण खासगी कंपनीला तो नियम बांधील नाही. ‘बी.ए.’ किंवा ‘ग्रॅज्युएट’ एवढंच लिहिलंत आणि कागद तपासताना विद्यापीठाची गुणपत्रिका निघाली नाही, तर मिळालेली नोकरीही जाते. म्हणून स्पष्ट लिहा: ‘१२ वी उत्तीर्ण. सेवेच्या आधारे पदवी-समकक्ष प्रमाणपत्र.’ खरी पदवी हवीच असेल तर मुक्त विद्यापीठातून करता येते, आणि ‘शेवटच्या वर्षाला आहे’ हेही बायोडाटात शोभतं.

कागद आणि फाईल

दोन पानं. तिसरं पान कुणी उलटत नाही. फाईल पीडीएफ, नाव तुमचं आणि पदाचं. व्हॉट्सॲपवर कागदाचा तिरका फोटो पाठवू नका. ईमेल पत्ता स्वतःच्या नावाचा काढा. मुलाच्या नावाचा किंवा ‘टायगर’, ‘कमांडो’ असा नको. फोन नंबर असा द्या जो तुम्हीच उचलाल. रानात गेल्यावर घरी ठेवलेल्या फोनवर कॉल आला आणि ‘ते नाहीत’ म्हणून ठेवला, की पुढचा नंबर लागतो.

सरकारी भरतीचा मार्ग वेगळा

तिथं बायोडाटा चालत नाही, जाहिरातीचा अर्ज आणि कागदपत्रं चालतात. राज्य सरकारच्या गट क आणि ड च्या सरळसेवा भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्रात गट क ला १० टक्के, पूर्वीच्या गट ड ला २० टक्के. राष्ट्रीयीकृत बँका आणि सार्वजनिक उपक्रमांत तेच १४.५ आणि २४.५ टक्के, त्यात दिव्यांग माजी सैनिक आणि शहीदांच्या कुटुंबीयांचे ४.५ टक्के धरलेले. केंद्राच्या नियमात वय मोजताना सेवेची वर्षं आणि वर ३ वर्षं वजा होतात, म्हणून चाळिशी ओलांडली म्हणून जाहिरात बाजूला टाकू नका. नाव, जन्मतारीख आणि स्पेलिंग डिस्चार्ज बुक, दहावीचा दाखला आणि आधारवर एकच आहे ना, ते आजच बघा. निवड झालेले लोक इथंच अडकतात.

मुलाखतीत काय विचारतील

समोरच्याच्या मनात तीन शंका असतात, तो त्या उघड बोलत नाही. वयानं लहान असलेल्या साहेबाचं हा ऐकेल का? ऑर्डर नसली तर स्वतःहून काही करेल का? सुगीला, जत्रेला रजा टाकून गायब होईल का? याची उत्तरं बायोडाटातच पेरता येतात. एमईएस (लष्कराची बांधकाम-देखभाल करणारी मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस), ठेकेदार, पोर्टर अशा सिव्हिलियन लोकांबरोबर काम केलं असेल तर ती ओळ घ्या. स्वतः सुचवून काही सुरू केलं असेल तर तेही.

‘तुम्हाला पेन्शन आहे ना, मग पगार कमी चालेल?’ हा प्रश्न येणारच. शांतपणे सांगा, पेन्शन मागच्या कामाची आहे, पगार या जागेच्या कामाचा ठरवू. आवाज चढवू नका. माझ्याच पेशातली माणसं हा प्रश्न विचारतात आणि तो विचारणं मला पटत नाही.

दर वाक्याला ‘जी सर’ आणि सावधान बसणं थोडं सैल करा. घर, बाग, गाव यावर दोन शब्द बोललात तरी चालतं.

अग्निवीरांसाठी थोडं

२०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेलेली पहिली तुकडी चार वर्षं भरून बाहेर येते ती २०२६ च्या अखेरीपासून. त्यातले २५ टक्क्यांपर्यंतच पुढं कायम होणार. बाकीच्यांना माजी सैनिकाचा दर्जा आणि पेन्शन नाही, म्हणून वरचं आरक्षणाचं गणित तुम्हाला जसंच्या तसं लागू नाही. प्रत्येक जाहिरात वेगळी वाचा. बायोडाटा एका पानाचा करा. शिक्षण वर, कौशल्याचं प्रमाणपत्र त्याखाली, चार वर्षांचं काम तीन-चार ओळींत. तुमची स्पर्धा आयटीआय आणि डिप्लोमाच्या पोरांशी आहे आणि तुमचं वय तेच आहे. नोकरी धरून पुढचं शिक्षण चालू ठेवता येईल अशीच जागा शोधा, सेवानिधीला (चार वर्षांनी एकदम मिळणाऱ्या रकमेला) हात लावून गाडी घ्यायच्या आधी.

पाठवल्यानंतर

शक्यतो नुसता ईमेल टाकून थांबू नका. कंपनीत गावातला, पलटणीतला कुणी असेल तर त्याच्या हातून कागद आत पोचू द्या. त्यात कमीपणा नाही, सगळे तेच करतात. आठ दिवसांनी एक फोन करा. रोज करू नका. ‘नोंदणी फी भरा, मग नोकरी पक्की’ म्हणणारा एजंट भेटला, पुणे-बंगळूर हायवेवर असे बरेच बोर्ड आहेत, तर तिथून उठून या. माणूस घेणारी कंपनी माणसाकडून पैसे घेत नाही. जिथून नकार आला तिथं नम्रपणे विचारा, कशात कमी पडलो. सगळे सांगत नाहीत. पण एखादा सांगतो, ‘सॅप (कंपन्यांत साठा-हिशेबाला वापरतात ते सॉफ्टवेअर) येत नाही तुम्हाला’, की पुढच्या महिन्यात सातारला किंवा सांगलीला त्याचा क्लास कुठं आहे ते शोधायचं.